उसासाठी ट्रायकोकार्ड: माल चांगला, पण शहाद्याचं ऊन?

खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड मागवलं, एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी असतात, तांदळाच्या पतंगाची, आणि त्यात आपली ट्रायकोग्रामा माशी वाढते, ती बाहेर पडून खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते आणि कीड तिथेच संपवते. माशी म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, कार्डावर नुसते काळे ठिपके दिसतात. काळी अंडी म्हणजे माल बरोबर आहे, पांढुरकी जास्त दिसली तर घेऊच नका.

रिझल्ट म्हणाल तर फेब्रुवारीत लावलेल्याला मस्त, पोंगामर (खोडकिडीने मधला कोंब वाळणं) कमी दिसली. एप्रिल-मेचं सांगू नका भाऊ, आपल्याकडे पारा 42-43 ला गेला की एवढीशी माशी काय टिकणार, आणि खोडकीड नेमकी त्याच कोरड्या उन्हात जोरात असते, हीच खरी गोची. तरी संध्याकाळी, पाणी दिल्यावर, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचल्या तर बरं पडतं. मुंग्या लागल्या तर अंडी साफ! आणि वरून कीटकनाशकाचा फवारा मारायचा असेल तर कार्ड घेऊच नका राव, पैसे पाण्यात.

दुकानदाराने कुरिअरचं पार्सल दुपारभर पत्र्याखाली ठेवलं होतं, त्याचा एक स्टार कापला. बाकी 4 स्टार.