ब्रह्मपुरीचा उत्खनन अहवाल: खणायला उतरण्यापूर्वीचे वाचन

उत्खननाच्या प्रशिक्षणाला निघालेल्या विद्यार्थ्यांना सहसा पद्धतिशास्त्राची पाठ्यपुस्तके वाचायला सांगतात. ती हवीतच; परंतु त्यांच्या जोडीला एखादा उत्खनन अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचावा आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने तो ब्रह्मपुरीचाच घ्यावा, असा माझा आग्रह आहे. पंचगंगेकाठच्या या प्राचीन वस्तीच्या जागी डेक्कन कॉलेजने १९४५-४६ मध्ये केलेल्या उत्खननाचा हा इंग्रजी अहवाल ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी लिहिला असून तो १९५२ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला.

खाली सातवाहनकालीन वस्ती आणि वर बहमनीकालीन वस्ती, हा या अहवालाचा कणा आहे. नाणी, विटांची घरे, काचेच्या बांगड्या हे सारे त्यात आहेच, पण विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ द्यावा तो खापरांच्या विवेचनाला. खापराच्या रेखाचित्रात उभ्या मध्यरेषेच्या एका बाजूला भांड्याचा छेद आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचे रूप असते. काठ किती बाहेर वळला आहे, मान कोठे आवळली आहे, अंगाची जाडी कोठे बदलते, हे त्यावरून समजते. अशी चित्रे वाचण्याचा सराव ज्याला आहे, त्याला खड्ड्याशेजारी बसून पाटीभर खापरे निवडताना काठाचा तुकडा वेगळा का ठेवायचा, हे कोणी सांगावे लागत नाही. नवख्यांचा जीव नाण्यांत आणि मूर्तींत अडकतो. थरांचा क्रम आणि काळ लावताना मात्र रोज हाताशी असते ते खापरच.

अहवाल वाचून झाल्यावर टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची तेथील छोटी कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीचीच आहे. सातवाहनकाळी रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापाराची ती साक्ष देते; पण तिच्यापुढे उभे राहून ‘ही कोणत्या थरातली, सोबत आणखी काय निघाले?’ असे विचारणारा विद्यार्थी खणायला तयार झाला, असे मी समजेन.

अहवालाच्या मर्यादा त्याच्या काळाच्या आहेत. कार्बन-१४ कालमापन पद्धती १९४९ च्या सुमारास पुढे आली, त्यामुळे येथील कालनिश्चितीची मदार नाणी आणि मृद्भांडी यांवर आहे. माती पाण्यात घालून तरंगणारे जळके दाणे व बिया वेगळ्या करण्याची पद्धतही तेव्हा रूढ नव्हती. त्या काळच्या शेतीविषयी आणि आहाराविषयी वाचायचे तर अलीकडच्या उत्खननांचे अहवाल सोबत घ्यावे लागतील. शिवाय भाषा नेमकी असली तरी परिभाषेने भरलेली आहे, त्यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याने तो एकट्याने न वाचता शिक्षकांसोबत, रेखाचित्रे समोर पसरून वाचावा. निदान खापरांचा भाग तरी कोणीतरी मराठीत आणावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.