‘बोर्ड जळला’ म्हणून ८,५०० घेतले, बोर्ड मात्र तोच

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला आहे. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन एकेक पार्ट घेतला होता: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकीचे पार्ट बसतात), ८ जीबीच्या दोन रॅम (चालू कामाची माहिती धरणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या). सगळ्याचं पक्कं बिल घेतलं आणि खोकी घरी माळ्यावर ठेवली. ती खोकी फेकली असती तर आज माझ्याजवळ पुरावा म्हणून काहीच नसतं.

एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, कॅबिनेट घरून स्टँडजवळच्या खोलीवर नेलं. मोटरसायकलवर, मागं भाऊ धरून बसला होता. रस्ता पाइपलाइनसाठी खोदलेला, सगळे गचके. खोलीवर जोडून बटण दाबलं तर पंखे फिरत होते, लाईट लागत होते, पण स्क्रीन काळी. ‘नो सिग्नल’ एवढंच. केबल बदलून पाहिली. मॉनिटर लॅपटॉपला लावला तर तो ठणठणीत. झाकण उघडलं तेव्हा बोर्डाच्या कडेला एक बारीक पिवळा दिवा सतत जळताना दिसला. त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला, पण तो दिवा काय सांगतोय हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चार लग्नांचं काम अडकलं होतं, म्हणून तालुक्याच्या गावी एका दुकानात नेलं. त्यानं झाकण काढून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, बोर्ड जळला ना तुमचा. गावाकडची लाईट, व्होल्टेज कमी-जास्त होते, त्याच्यात उडाला.” आमच्याकडे लाईटीचा भरवसा नाही हे खरंच आहे, त्यामुळं मला ते पटलं. वर तो म्हणाला, “याच्यात लोकायच्या लग्नाचं हाय ना? असाच ठेवला तं तेही जाईन.” या एका वाक्यानं मी हात टेकले. चार घरच्या मुलींच्या लग्नाची ती चित्रं, परत थोडीच काढता येतात! आता कळतं की बोर्ड खरोखर जळला असता तरी एसएसडीतला, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कमधला, डेटा बहुतेक वेळा तसाच राहतो. ती काढून दुसऱ्या मशीनला लावता येते.

नवा बोर्ड ७,८०० आणि मजुरी ७०० असे ८,५०० रुपये त्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिले. पेरणीच्या बियाण्यासाठी ठेवलेले पैसे होते. यूपीआयनं दिले, तेवढी एक नोंद राहिली. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होऊन मिळालं. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, भंगारात गेला.

काम सुरू झालं, पण एडिटिंग रखडायला लागलं. तासाभराचं काम अडीच तास घ्यायचं. बाहेर ४३ अंश ऊन, मी म्हटलं गर्मीनं असेल. तीन आठवड्यांनी टेबल सरकवला आणि पुन्हा तेच, स्क्रीन काळी. या वेळी भाच्याला फोन लावला. तो नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. त्याचा पहिलाच प्रश्न होता, “मामा, दिवा कोणत्या अक्षरांजवळ लागलाय?”

माझ्या बोर्डावर असे चार बारीक दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम, व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोजसारखी सिस्टीम असलेली डिस्क). सुरू होताना बोर्ड एकेक गोष्ट तपासतो आणि जिथं अडतो तिथला दिवा जळत राहतो. माझा दिवा डीरॅमचा होता, म्हणजे रॅमचा. भाच्यानं सांगितलं तसं केलं: स्विच बंद, मागची वायर काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, मग रॅम काढायला हात घातला.

आणि तिथंच थांबलो. माझ्या दोन रॅम होत्या, काळ्या पत्र्याच्या आवरणातल्या, प्रोसेसरकडून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. आत एकच होती. हिरवी, उघडी, स्टिकर नखानं खरवडलेलं. ८ जीबी. काम कशानं रखडत होतं ते एका क्षणात कळलं.

तिचे सोनेरी दात खोडरबरनं हलके पुसले, दुसऱ्या खाचेत ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबली, डिस्प्ले आला. खर्च शून्य.

मग माळ्यावरून बोर्डाचं खोकं काढलं. त्यात तुरीचं बी भरून ठेवलं होतं, ते आधी सुपात ओतलं. खोक्यावरच्या स्टिकरचा सीरियल नंबर टॉर्च लावून आतल्या बोर्डाशी एकेक आकडा जुळवला. तोच बोर्ड. बदललाच नव्हता. एप्रिलचा व्हिडिओ पुन्हा लावला तर त्यातही डीरॅमचाच दिवा जळत होता. गचक्यांनी रॅम ढिली झाली होती, बस.

तुमचं मशीन काळं पडलं तर दुकानात नेण्याआधी हे दिवे पाहा. रॅम काढून पुन्हा बसवा, एकेक लावून पाहा. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनची वेगळी वायर येते, ती नीट बसली आहे का ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्याच्याच मागं लावा, बोर्डाच्या नाही. बोर्डावरचा गोल सेल वायर काढलेली असताना पाच मिनिटं काढून ठेवला तर सेटिंग मूळ होतात, त्यानंही कधी कधी काम भागतं. तरीही दुकानात न्यावंच लागलं तर एसएसडी घरी काढून ठेवा, बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांच्या नंबरचे फोटो काढा, आणि ‘बदलला’ म्हटलेला जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. शक्य असेल तर समोरच उभे राहा. मी राहिलो नाही. चहा घ्यायला गेलो, मग त्याच्या सांगण्यावरून घरी आलो.

दुकानदाराला फोटो दाखवले तर आधी आवाज चढवला, “कशावरून माझ्या दुकानात बदलली?” मी नागपूरचं बिल पुढं ठेवलं. मग ३,००० रुपये देतो, मिटवून टाका म्हणाला. मी घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथं जमलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. बिल, खोक्याचा फोटो, यूपीआयची नोंद, त्याच्या अक्षरातला चिटोरा आणि तो पिवळ्या दिव्याचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये, असं सगळं एका फाईलमध्ये लावून ठेवलं आहे.