ताऱ्यांवर जायचंय, मग अकरावीला पीसीएम की पीसीबी?

दहावीचा निकाल लागल्यापासून भाची मागे लागलीये, मामा मला माणसाला दुसऱ्या ताऱ्यापर्यंत न्यायच्या कामात पडायचंय, मॅथ्स घेऊ की बायो? अजून कोणाच्या घरी हाच प्रश्न असेल तर वाचा.

मॅथ्सवाली बाजू म्हणजे वेग. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशालाही तिथे पोचायला सव्वाचार वर्षं. १९७७ ला सुटलेलं नासाचं यान व्हॉयेजर १ (आपलं वरळीचं नेहरू तारांगण पण त्याच वर्षीचं) सेकंदाला १७ किमी जातंय, म्हणजे चर्चगेट ते विरार साडेतीन सेकंदात, आणि तरी एवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं. मग काय करायचं? १९७३ ते ७८ मध्ये ब्रिटनच्या लोकांनी डिडॅलस नावाचं फ्युजन इंजिनाचं (सूर्यासारखे अणू जोडून ऊर्जा काढणारं) यान कागदावर मांडलं, प्रकाशाच्या १२ टक्के वेग, पण वजन ५४ हजार टन आणि त्यातलं ५० हजार टन नुसतं इंधन, तिथे पोचून थांबायची सोय नाही, आणि आत माणूसही नाही! २०१६ मध्ये जाहीर झालेल्या स्टारशॉटचा वेग २० टक्के, पण ते लेझरने ढकलायचं काही ग्रॅमचं यान. म्हणजे या बाजूला आकडेमोड पुष्कळ झालीये, माणूस मात्र यादीतच नाही.

बायोवाली बाजू म्हणजे तग धरणं. सलग अंतराळात राहायचा रेकॉर्ड रशियन अंतराळवीर पोल्याकोव्ह यांचा, ४३७ दिवस, ते पण खालून सामान येत असताना. प्रवास पन्नास वर्षांचा धरला तरी हवा, पाणी, अन्न सगळं आतच फिरवत राहायला लागणार. ॲरिझोनात १९९१ ला ८ माणसं बायोस्फिअर २ नावाच्या हवाबंद काचघरात दोन वर्षांसाठी बंद झाली, तर आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ वर आला. मातीतले जिवाणू ऑक्सिजन खात होते, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं, मग ऑक्सिजन परत बनवायला झाडांना मिळणार काय? शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडायला लागला. मला हे वाचून खरंच धक्का बसला होता, कारण इथे रॉकेटचा संबंधच नाही, पृथ्वीवर राहूनच आपल्याला जमलं नाही. रेडिएशन, हाडं झिजणं हे वेगळंच.

माझं मत बायोकडे झुकतं, कारण हे प्रयोग आजच जमिनीवर करता येतात, फ्युजन इंजिनाची वाट बघायला नको. पण मॅथ्स सोडू नकोस गं, झेपत असेल तर चारही विषय घे. मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरमध्ये फिजिक्स आणि बायोलॉजी दोन्ही ऑलिम्पियाडचे कॅम्प होतात, दोन्हीचे जुने पेपर सोडवून बघ, कुठल्या पेपरला जेवायची आठवण राहत नाही ते आधी मला सांग, फॉर्म आपण मग भरू.