गरम इंजिनाची परीक्षा : मॅग्नेटोसोबतचे चौदा महिने

१९५० च्या दशकातील जोडसिलिंडर ब्रिटिश मोटरसायकल मी गेले चौदा महिने नियमित चालवत आहे आणि या काळात तिचे सुमारे ५,२०० किलोमीटर झाले आहेत. मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगीसाठीची वीज बॅटरीशिवाय स्वतः तयार करणाऱ्या यंत्राची, गाडी कधी दगा देईल याचा नेम नाही, हे मी ती घेण्याआधीपासून ऐकत होतो. पहिले चार महिने ते खरेही वाटले.

थंड इंजिन दुसऱ्या किकला सुरू होई. पण तीस-चाळीस किलोमीटर चालवून दहा मिनिटे थांबलो, की कितीही किका मारल्या तरी ते दाद देत नसे. अर्ध्या तासाने, काहीच घडले नसल्यासारखे, पुन्हा सुरू. मी प्लग बदलले, कार्बुरेटर दोनदा साफ केला आणि दोन्ही वेळा चुकलो. अखेर अंधारात पॉइंटवरचे (मॅग्नेटोतला प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवरचे) झाकण काढून मित्राला किक मारायला सांगितले, तेव्हा पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच निळसर ठिणगी उडताना दिसली. कंडेन्सर गळका झाला होता. पॉइंट उघडताच प्राथमिक वाइंडिंगमधला, म्हणजे तारेच्या पहिल्या गुंडाळीतला, प्रवाह झटकन तुटावा, हे कंडेन्सरचे काम. ते झाले नाही तर दुय्यम वाइंडिंगमध्ये पुरेसा विजेचा दाब तयार होत नाही आणि प्लगवर ठिणगी पडत नाही. मॅग्नेटो इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे किकच्या वेळी त्याची शक्ती आधीच बेताची असते. रस्त्यावर वेग वाढला की दाबही वाढतो आणि दोष झाकला जातो. म्हणून गाडी धावताना निर्दोष वाटते आणि थांबल्यावरच अडते.

हा कंडेन्सर फिरत्या आर्मेचरच्या (वाइंडिंग असलेल्या भागाच्या) आत बसवलेला असल्याने तो बदलायचा म्हणजे सगळा मॅग्नेटो खोलावा लागतो. खोललाच आहे तर वाइंडिंगही नवे करून घेतले, कारण जुन्यावरचे लाखेचे रोगण उष्णतेने मऊ होऊन बाहेर आले होते. चुंबकही पुन्हा भारून घेतले. त्यानंतरच्या दहा महिन्यांत गरम इंजिन सुरू झाले नाही, असे एकदाही घडलेले नाही. ज्या यंत्राला बॅटरी लागत नाही आणि ज्याची रचना १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी बॉशसाठी केलेल्या उच्च दाबाच्या मॅग्नेटोपासून मुळात फारशी बदललेली नाही, त्याच्याकडून मला याहून अधिक अपेक्षा नाही.

सवयी मात्र बदलाव्या लागल्या. किक मारताना ठिणगीची वेळ बदलणारी लिव्हर पूर्ण मागे घेण्याची शिकवण माझ्या गाडीला मानवत नाही, कारण हाताने टायमिंग बदलणाऱ्या या प्रकारात ॲडव्हान्स असतानाच, म्हणजे ठिणगीची वेळ लवकरची ठेवली असतानाच, ठिणगी सर्वांत जोरकस असते. मी लिव्हर एक तृतीयांशच मागे घेतो. पॉइंटमधील अंतर ०.३ मिलिमीटर आणि प्लगचे ०.५ मिलिमीटरच्या आत ठेवतो. स्लिप रिंगवर, म्हणजे उच्च दाबाची वीज बाहेर देणाऱ्या फिरत्या कड्यावर, कार्बनची भुकटी आणि तेल साचले की ठिणगी तिथूनच वाट काढते, म्हणून पिकअप (त्या कड्याला टेकणारा भाग) काढून पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ती पुसतो.

एकदा पावसात इंजिन अचानक बंद पडले. बंद करण्याच्या बटणाची तार घासून चौकटीला टेकली होती. बॅटरी आणि कॉइलवर ठिणगी देणाऱ्या गाडीत तार तुटली की इंजिन थांबते, इथे तार टेकली की थांबते. ती सोडवताच पहिल्या किकला सुरू झाले.

सध्या एकच तक्रार उरली आहे. इंजिनाच्या बाजूच्या सीलमधून मॅग्नेटोत थोडे तेल झिरपते, आणि ते सील बदलायचे तर निमुळत्या शाफ्टवर, जागा पक्की करणाऱ्या खुंटीविना, नुसता आवळून बसणारा गिअर काढून टायमिंग पुन्हा जुळवावे लागेल. नट आवळताना तो गिअर केसभर सरकतोच, म्हणून मी ते काम तीन आठवडे पुढे ढकलत आहे.