३० लिटरचा ब्रूइंग बॉयलर, काही महिन्यांनंतर: बिअर मस्त, पण ते रिसेट बटण!

परवा ऐन उकळीत मशीन परत बंद पडलं, म्हणून आता लिहितेच. आम्ही इंग्लंडमध्ये डर्बीत राहतो, घरी बिअर करायचा नाद मला इथे आल्यावर लागला. आधी प्लास्टिकची बादली आणि डब्यातला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) अर्क असं चालायचं, मग म्हटलं धान्यापासून आपणच करू आणि हा इलेक्ट्रिक बॉयलर घेतला. स्पेक्स सगळीकडे सापडतील, ते परत टाइप करत नाही.

मला बोलायचंय ते बटणाबद्दल. तळाला काही करपायला लागलं की मशीन हीटर बंद करतं, ती सेफ्टी हवीच. पण परत चालू करायचं रिसेट बटण दिलंय कुठे, तर बुडाखाली! आत २५ लिटर उकळतं वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, पाकासारखं चिकट, अंगावर उडालं तर कातडं सोलून निघेल, आणि ते भांडं तिरपं करून मी खाली बोट घालू? हे डिझाइन करणाऱ्याने भरलेलं मशीन एकदा तरी हलवून बघायला हवं होतं. नळाच्या वर भरपूर जागा रिकामी आहे, तिथे द्यायला काय हरकत होती? आणि उकळी थांबली की नुसता वेळ जात नाही, हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा उतरायला तासभर खळाखळा उकळी लागते, मध्येच थंड पडलं की सगळा हिशोब बिघडतो.

विकणाऱ्याला मेल केला तर उत्तर काय, तुम्ही नीट साफ केलं नसेल. बुडाचे फोटो पाठवले, एक डाग नव्हता, तरी तेच पालुपद. शेवटी इथला ग्राहक हक्कांचा कायदा, कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ काढला. पहिल्या ६ महिन्यांत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरतात, नव्हता हे दुकानदाराने दाखवायचं, आपण नाही. हे लिहिल्यावर मात्र गाडी हलली आणि नवीन थर्मोस्टॅट बसवून मिळाला. इकडे राहणाऱ्यांनी हा नियम लक्षात ठेवाच, पैसे मेहनतीचे असतात.

इथपर्यंत मी २ स्टार देणार होते. पण नवीन थर्मोस्टॅटनंतरही एकदा बंद पडलं तेव्हा नीट शोधलं. दुकानातून दळून येणारं माल्ट फार बारीक होतं, त्याचं पीठ जाळीतून खाली उतरून तळाला बसत होतं आणि तेच करपत होतं. आता भरड मागवते, उकळी यायच्या आधी लाकडी उलथन्याने तळ खरवडून घेते आणि फुल पॉवर उकळी येईपर्यंतच ठेवते. तेव्हापासून बरंच सुधारलंय. परवाचं मात्र गव्हाच्या माल्टमुळे झालं असावं.

आणि बिअर? त्यासाठीच तर मशीन ठेवलंय. ४ किलो मॅरिस ऑटर (बार्लीचं माल्ट) ६६ अंशांवर तासभर भिजत असतं तेव्हा घरभर जो गोड खरपूस वास सुटतो, त्यासाठी मी आख्खा रविवार द्यायला तयार असते. तापमान जरा खाली ठेवलं तर बिअर कोरडी होते, वर नेलं तर भरदार, आणि हा काटा ही मशीन अचूक धरते, याला पूर्ण मार्क. बर्टन अपॉन ट्रेंट आमच्या शेजारीच, तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली पेल एल (फिकट रंगाची बिअर) गाजली आणि पार आपल्याकडे जहाजाने जायची. मीही पाण्यात थोडं जिप्सम घालते, हॉप्सची चव लगेच खुलते. हॉप्समध्ये फगल आणि गोल्डिंग्ज दोन्ही जाती घालते, मग जिन्याखालच्या कपाटात १९ अंशांच्या आसपास आंबवणं, एअरलॉकची (झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीची) बुडबुड थांबली की लगेच झाकण उघडायचं नाही, हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) सलग दोन दिवस तोच आकडा दाखवेल तेव्हाच बाटल्या भरायच्या. माझ्या बिअरची घनता १.०४४ वरून १.०१० ला थांबते, म्हणजे अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या आसपास. बाटलीत गॅस धरायला लिटरला ५ ग्रॅम साखर, दोन आठवडे थांबायचं, मग उघडायची. पहिल्या ग्लासावर फेस टिकून राहिला तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवला, इतका आनंद झाला होता.

सामान साधारण २० पाउंडांचं आणि ४० पाइंट निघतात, पबात त्यात चार-पाच पाइंट येतील. उरलेला चोथाही मी टाकत नाही, वाळवून बारीक दळून थालीपिठात मूठभर घालते, चव झकास येते. १९६३ पर्यंत इंग्लंडात घरी बिअर करायला परवाना लागायचा, आता स्वतःपुरती हवी तेवढी करा, फक्त विकायची नाही.

नवऱ्याने मशीन दोन ब्रीझ ब्लॉकवर (बांधकामाच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर) बसवून दिलंय, मध्ये हात जाईल एवढी फट. आता प्लग काढून, मशीन न हलवता बटण दाबता येतं. ४ स्टार देतेय, पाचवा त्या बटणासाठी कापला. तुम्ही घेणार असाल तर आधी दुकानात भांडं उलटं करून बघा, आणि बटण बाजूला असलेलं मॉडेल कोणी वापरत असेल तर जरूर कळवा.