दम्याची जलतरणपटू: पेपरडाइन की कॅल्विन?

दमा असलेल्या, पोहणाऱ्या मुलीसाठी अमेरिकेतली ही दोन विद्यापीठं; दोन्ही ख्रिस्ती. कॅलिफोर्नियातल्या मालिबूचं पेपरडाइन डिव्हिजन वनचं (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी), पूल उघडा, संघ फक्त मुलींचा. मिशिगनचं कॅल्विन डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळाची स्कॉलरशिप नाही; 50 मीटरचा पूल बंदिस्त.

दम्याला छळतो तो क्लोरामाइन. घाम-लघवी क्लोरीनशी मिसळून बनणारा हा वायू पाण्यालगत साचतो, नेमका पोहणाऱ्याच्या नाकाशी. उघड्यावर वारा तो नेतो. बंदिस्त पूल सराव संपतानाच पाहा. कंबाइन्ड क्लोरीन (म्हणजे क्लोरामाइन झालेलं क्लोरीन) 0.4 पीपीएमच्या खाली असतं का, थंडीत बाहेरची ताजी हवा किती घेतात, हे विचारा. आतलीच हवा फिरवली की खोकला ठरलेला.

मालिबूला धोका वणव्यांच्या धुराचा (2018 चा वूल्झी, 2024 चा फ्रँकलिन). किती एक्यूआयला (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) सराव थांबतो, ते लेखी घ्या. मुलीच्या शर्यतीतल्या वेळा डिव्हिजन वनच्या तोडीच्या असतील तर आमचं मत पेपरडाइनला.