ऑन्टारियोतली फ्रेंच बालवाडी: ‘फक्त फ्रेंच’ की वाक्य फिरवून देणं?

कॅनडाच्या 1982च्या हक्क आणि स्वातंत्र्यांच्या सनदेतल्या कलम 23मुळे अल्पसंख्य फ्रेंच भाषकांच्या मुलांना फ्रेंच शाळेचा हक्क मिळाला. पण ऑन्टारियो प्रांतातल्या फ्रेंच बालवाड्यांत चार वर्षांची कितीतरी मुलं घरून इंग्रजीच घेऊन येतात.

‘फक्त फ्रेंच’ हा नियम सोपा आणि त्यामागची काळजी खरी: इंग्रजी बाहेर सगळीकडे आहे, फ्रेंच बहुधा वर्गातच. पण सारखं ‘फ्रेंचमध्ये बोल’ म्हटलं की शब्द नसलेलं मूल गप्प बसतं, आणि बाईंची पाठ वळली की ठोकळ्यांच्या कोपऱ्यात इंग्रजी सुरू.

दुसरी पद्धत म्हणजे मुलाचं इंग्रजी वाक्य फ्रेंचमध्ये फिरवून देणं. मूल इंग्रजीत लाल ठोकळा मागतं. बाई ठोकळा हातात धरून विचारतात, ‘त्यू व्ह ल ब्लॉक रूझ?’ (तुला लाल ठोकळा हवा का?) मग थांबतात. हे थांबणंच महत्त्वाचं. चार-पाच सेकंदांत मूल निदान ‘रूझ’ (लाल) म्हणतं. घाईत ठोकळा दिला तर ते नुसतं ऐकतं, बोलत नाही.

आम्हाला दुसरीच पद्धत पटते, पण एका अटीवर: बाईंनी स्वतः फ्रेंच सोडायचं नाही. त्या इंग्रजीत उत्तर देऊ लागल्या की मुलांना फ्रेंचची गरजच उरत नाही. खेळात लागणारे ‘दे ना’, ‘माझी पाळी’ असे शब्दप्रयोग आधी शिकवावेत, रंग-आकडे नंतर.